आप्पांची रंगीत तालीम

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबली आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, की समजायचं, आता ते साहेब झाले. नोकरीतले नव्हे, तालमीतले. कुठल्याही कचेरीवर माणसं न्यायची असली की आप्पा आधी त्या माणसांची रंगीत तालीम घ्यायचे. देवळाच्या ओट्यावर पाट, पाटावर पोतं, पोत्यावर आप्पा. समोर अर्ज घेऊन गावातली माणसं उभी. आणि मग ज्या माणसांसाठी हा गृहस्थ सकाळपासून उन्हातान्हात बोंबलत हिंडलेला असायचा, त्याच माणसांवर असा काही खेकसायचा की विचारू नका.

"काय आहे? कोण तुम्ही? कोणाला विचारून आत आलात? हे काम माझ्याकडे येत नाही. पुढच्या सोमवारी या!"

एरवी आप्पांच्या तोंडी आपली साधी रेणापुरी बोली. साहेब झाले की मात्र भाषा एकदम इस्त्रीची. एकदा एका गावच्या बाया रॉकेलच्या तक्रारीसाठी न्यायच्या होत्या. तालमीत आप्पा इतके खवळले की "पुढच्या सोमवारी या" म्हटल्यावर बाया गुपचूप उठल्या आणि खरंच घरी गेल्या. आप्पा टोपी हातात घेऊन मागं पळाले. "अवं, मी आप्पा हाय! आप्पा हाय मी!" बाया ऐकायला तयार नाहीत. साहेब सोमवारी या म्हणालेत, आता सोमवारीच येऊ, एवढंच त्यांचं म्हणणं. तो मोर्चा खरोखरच सोमवारी निघाला.

"साहेब असा करायचा," आप्पा मला सांगायचे, "की नंतर खरा साहेब माणसांना मामा वाटला पाहिजे."

मी काही त्यांचा कार्यकर्ता नव्हतो. मी टेबलाच्या पलीकडचा माणूस, आवक-जावक कारकून. कुठल्या कचेरीतला ते विचारू नका, पेन्शन चालू आहे. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता आणि माणसं कमी पडली म्हणून आमच्यासारख्या नांदेडकडच्या पोरांना उचलून तिथं आणून बसवलं होतं. माझं गाव इस्लापूरच्या बाजूला. पावसाळ्यात सहस्रकुंडाचा आवाज ऐकत झोपणारी आम्ही माणसं. तिथून येऊन पडलो लातुरात, तेही दुष्काळात. कचेरी भाड्याच्या जागेत. मला टेबल होतं तर खुर्ची नव्हती. खुर्ची आली त्या दिवशी टेबल दुसऱ्या शाखेनं नेलं.

अशा अवस्थेत मी खिडकीच्या कट्ट्यावर रजिस्टर ठेवून उभा असताना आप्पा पहिल्यांदा आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, काखेत अर्जांचं गाठोडं.

"शरणार्थ," म्हणाले, तो त्यांचा नमस्कार. "नवे दिसता. कुठले?"

"किनवटकडचा जी. आत्ताच रुजू होऊन राहिलो."

"बरं. ए किनवट, हा अर्ज घे आणि पोच दे."

झालं. त्या दिवसापासून माझं बारशाचं नाव लातुरात कोणाला कळलंच नाही. पुढं साहेबसुद्धा मला किनवट म्हणायला लागले.

पोच द्यायला गोल शिक्का लागतो. नव्या कचेरीचा शिक्का अजून आलेला नव्हता. मी म्हटलं, सही करून देतो. आप्पा म्हणाले, चालणार नाही. त्यांनी कट्ट्याखाली बैठक मारली, धपाटं आणि शेंगदाण्याची चटणी सोडली, अर्धं मला दिलं, आणि शिक्का येईपर्यंत बसतो म्हणाले. चार दिवस रोज येऊन बसले. पाचव्या दिवशी शिक्का आला. त्या शिक्क्याचा पहिला ठसा आप्पांच्या अर्जावर उमटला आणि त्यांनी तो कागद सगळ्या शाखांत फिरवून दाखवला. कुणाला राग आला, कुणाला हसू आलं, मला दोन्ही आलं.

निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेला माणूस. मराठी अर्जातसुद्धा 'फौरन' आणि 'मेहेरबान' पेरल्याशिवाय त्यांचा हात चालायचा नाही. घरचं रेणापुरात कापडाचं चांगलं चालतं दुकान, ते धाकट्या भावावर आणि बायकोवर टाकून हे गावोगावची गाऱ्हाणी गोळा करत सायकलवरून हिंडायचे. सायकलवर बसायचे कमी, तिला हाताशी धरून चालायचे जास्त, कारण चालता चालता वर्तमानपत्र वाचायची खोड.

जिल्हा झाला तेव्हा गावोगाव पेढे वाटले गेले. आप्पांनीही एक खाल्ला. "आधी एस.टी.त हाडं खिळखिळी करून परमुलखात 'न्हाई' ऐकायला जावं लागत होतं," म्हणाले, "आता घरच्या घरी ऐकायला मिळतंय. प्रगती हाय की न्हाई?"

त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे. बाई मोठी फटकळ. "सगळ्या मुलखाचं ऐकतेत," मला म्हणाल्या, "माझं ऐकायचं तर अर्ज करावा लागतोय." आणि एकदा खरंच केला त्यांनी अर्ज. घराचं माळवद गळत होतं, तसं कागदावर लिहून आप्पांच्या ताटाशेजारी ठेवलं. आप्पांनी जेवता जेवता तो वाचला, पेन मागवलं, समासात 'योग्य ती कारवाई फौरन व्हावी' असा शेरा मारला आणि कागद अक्कांनाच परत दिला. अक्कांनी गडी लावून माळवद नीट करून घेतलं आणि आप्पांना दोन दिवस दुकानातच जेवायला वाढलं.

असा हा माणूस. पण ज्या गोष्टीनं मी त्यांना आयुष्यभरासाठी चिकटलो ती गोष्ट हसण्यासारखी आहे की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. रेणापूरच्या पलीकडं, डांबरी सोडून आत माळावर, तीस-चाळीस उंबऱ्यांची एक वस्ती होती. विहीर कोरडी ठाक. बाया डोंगर ओलांडून पलीकडच्या एका झऱ्यावर जायच्या, वाटीवाटीनं घागर भरायच्या. एका खेपेला अर्धा दिवस. आप्पांनी टँकरसाठी अर्ज केला. आमच्याकडचा नियम असा, की साहेबांनी जातीनं वस्तीवर जायचं, पाणी नाही हे डोळ्यांनी बघायचं, पंचनामा करायचा, मग टँकर. साहेब तसे सरळ होते. फक्त पुढाऱ्यांचा त्यांना तिटकारा. "आप्पा तिथं दिसले तर मी जीप वळवीन," म्हणाले. "मला लोकांशी बोलायचंय."

आप्पांनी मान्य केलं आणि लागले तालमीला. वस्तीवर आठवडाभर तालीम चालली. कोणी बोलायचं, कोणी मागं उभं राहायचं, विहीर कोणत्या बाजूनं दाखवायची म्हणजे तळ चांगला दिसतो, सगळं बसवलं. मुख्य काम गोदामायकडं. साठी उलटलेली, काटकुळी म्हातारी, पण वस्तीत शेवटचा शब्द तिचा. तिनं साहेबापुढं रिकामी घागर उपडी करायची आणि म्हणायचं, "थेंब न्हाई जी साहेब." एवढंच. म्हातारीनं ते असं केलं म्हणे, की तालमीतला साहेब टोपी घालून पुन्हा आप्पा झाला आणि डोळे पुसायला लागला.

ठरल्या दिवशी भर दुपारी साहेब, ड्रायव्हर आणि मी असे तिघं वस्तीवर पोचलो. आप्पा अटीप्रमाणे ओढ्यापलीकडं बाभळीखाली जाऊन बसले होते.

जीपमधून उतरलो आणि बघतो तर काय, वस्तीच्या तोंडापासून गोदामायच्या दारापर्यंत सडा! सड्यावर रांगोळी! दारात पाय धुवायला घंगाळ भरलेलं. साहेबांच्या पायावर कोणी पाणी घालतंय, कोणी पंचा धरतंय. आत बसल्याबरोबर गूळ-पाणी आलं. मग चहा आला. मग पुन्हा पाणी. "घ्या की जी, उन्हाचं आलाव." मला तर काय, लातुरात गेल्यापासून असं गार पाणी कोणी दिलं नव्हतं. दोन तांबे रिचवले. ड्रायव्हरनं पाणी मागितलं तर त्याला रेडिएटरसाठी आख्खी घागर दिली, वर त्यानं उरलेल्यात काचा पुसून घेतल्या.

आणि मग गोदामाय उठली, तालमीत शिकवल्याप्रमाणे रिकामी घागर घेऊन आली, साहेबांपुढं उपडी केली आणि गळा भरून म्हणाली, "थेंब न्हाई जी साहेब."

तिच्या मागं भिंतीला लागून घासून लख्ख केलेल्या सहा घागरी ओळीनं भरून ठेवलेल्या होत्या.

साहेबांनी घागरींकडं बघितलं, म्हातारीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. विहीर बघायलासुद्धा गेले नाहीत. परत येताना जीपमध्ये त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: 'वस्तीवर पाणी मुबलक असून रहिवासी ते सडा-रांगोळीसाठीही वापरत आहेत.' अक्षर माझं. चांगलं वळणदार अक्षर आहे माझं.

तिसऱ्या दिवशी आप्पा कट्ट्यापाशी आले. शरणार्थ नाही, धपाटं नाही. अहवालाची नक्कल मागितली. मी दिली. त्यांनी ती वाचली आणि मला विचारलं, "किनवट, किती पाणी पिलास?"

"दोन तांबे."

"ते पाणी कुठलं होतं, ठावं हाय? पाव्हणे येणार म्हणून बाया चार दिवस डोंगर ओलांडून जास्तीच्या खेपा करत होत्या. लेकरांना त्यातलं बोट बुडवू दिलं न्हाई. तू दोन तांबे पिलास आणि मुबलक लिहिलास. शाब्बास."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी मान वर केली नाही. त्या दिवशी डबाही उघडला नाही.

आप्पांचा राग माझ्यावर एक आणा, वस्तीवर पंधरा आणे. नंतर मला सगळं कळलं. जीप गेल्यावर सड्याच्या मधोमध उभं राहून आप्पा ओरडत होते आणि गोदामाय शांतपणे शेंगा फोडत होती.

"कामून दिलं पाणी? कामून?"

"दारात पाव्हणा आला तर पाणी द्यायचं न्हाई?"

"तालमीत आठ दिवस मी साहेब होतो. मला कवा दिलं न्हाई ते!"

"तुमी घरचे."

"मी साहेब होतो, माय!"

"साहेब व्हता, खरं हाय. पर आप्पाच व्हता की."

सगळी तालीम झाली होती, फक्त पाहुणा घरात शिरतो त्या घडीची झाली नव्हती. ती करायला हवी हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ज्या गोष्टीचा विचारच करायचा नसतो तिची तालीम कोण घेणार?

पुढच्याच आठवड्यात गोदामायची सून डोंगर उतरताना घागरीसकट घसरली आणि तिचा पाय मोडला. घरात दोन लहान लेकरं. आता डोंगरापलीकडच्या खेपा म्हातारीवर आल्या. हे कळल्यावर मी एकच केलं. आप्पांचा दुसरा अर्ज रोज सकाळी टपालात सगळ्यात वर ठेवायला लागलो. साहेब तो रोज खाली सरकवायचे, मी रोज वर आणायचो. असे बरेच दिवस गेल्यावर साहेब वैतागून म्हणाले, "चल बाबा, एकदा जाऊन येऊ. पण पुन्हा मला चहा पाजला तर बघ."

आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "रविवारी वस्तीवर ये. तालमीत तू कारकून हो. आयता खराच हाय, शिकवायची कटकट न्हाई."

अशा रीतीनं सरकारी नोकरीत असताना मी सरकारविरुद्धच्या तालमीत सरकारी नोकराचं काम केलं. पगार मात्र एकीकडूनच मिळाला.

त्या रविवारची तालीम मी जन्मात विसरणार नाही. विषय एकच, साहेबाला पाणी द्यायचं नाही. आप्पा माळाच्या टोकापासून साहेब होऊन चालत आले, मी मागून फाइल घेऊन. आप्पांनी घाम पुसला, जिभेनं ओठ ओले केले आणि गोदामायच्या ओट्यावर असे टेकले, की मलाच भीती वाटली, माणूस पडतोय की काय. गोदामायनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"माय!" आप्पा ओरडले. "न्हाई द्यायचं!"

"तुमचं तोंड वाळलं जी."

"ते नाटक हाय!"

पुन्हा माळाच्या टोकापासून. पुन्हा घाम, पुन्हा ओठ. पुन्हा तांब्या. तिसऱ्या वेळी आप्पांनी तिच्या हातातून तांब्या काढून तिच्याच धाकट्या जावेकडं दिला, तर जावेनंच तो पुढं केला. आप्पा डोकं धरून बसले. आता खरंच तहान लागली होती त्यांना. पाणी मागायची मात्र सोय राहिली नव्हती.

शेवटी गोदामाय म्हणाली, "आप्पा, टँकर नगं आमास्नी. दारातनं माणूस तहानेला गेला तर त्ये पाप कुठं ठिवू मी? वर गेल्यावर काय सांगू?"

"आणि तुझी सून?" आप्पा म्हणाले. "आज पाय मोडला. उद्या तू पडशील. मग ही लेकरं कोण बघणार?"

आप्पांनी गळ्यातली डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं. दिवसातनं एकदा पूजेला बसतानाच ते डबी उघडत. "हे पाप माझं," म्हणाले. "मी सांगितलं म्हणून तुम्ही केलं. तुमच्यापैकी कोणाच्या माथी न्हाई. झालं?"

गोदामायनं पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. हो की नाही, ते त्या मानेवरून समजायला मार्ग नव्हता.

साहेब आले त्या दिवशी ऊन असं, की जीपच्या दाराला हात लावता येईना. सडा नाही, रांगोळी नाही. दारात कोणी नाही. आप्पा ओढ्यापलीकडच्या बाभळीखालीच. ओट्यावर आम्ही आपले आपणच बसलो. बाया खांबाआड उभ्या, सगळ्यांचे डोळे जमिनीकडं. कोणी बसा म्हणालं नाही. सून आत बाजेवर, पाय फळीला बांधलेला. साहेबांनी विहीर बघितली, वाकून तळ बघितला, परत आले. घशाला कोरड पडलेली त्यांच्या आवाजातच कळत होती. आणि मग जे तालमीत आप्पांनी केलं नव्हतं ते साहेबांनी केलं. त्यांनी तोंडानं मागितलं.

"माय, घोटभर पाणी मिळेल का?"

गोदामायचा उजवा हात उठला. मी बघत होतो. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, घट्ट धरलं, आणि म्हणाली, "न्हाई जी."

आणि ढसाढसा रडायला लागली. तालमीतलं रडणं नव्हतं ते.

तिच्या पलीकडच्या कोपऱ्यात फडक्याखाली एक घागर होती. घागरीखालची जमीन ओली होती. मला दिसली. सुनेसाठी आणि लेकरांसाठी ठेवलेलं असणार. पंचनामा लिहिताना मी ती लिहिली नाही. नोकरीतली पहिली खोटी नोंद, आणि मला तिची अजिबात लाज वाटत नाही.

आठवडाभरात टँकर चालू झाला. एका दिवसाआड यायचा. पाणी पिवळट, वर डिझेलचा वास, पण माणसं नाचली. आप्पांनी ड्रायव्हरच्या गळ्यात हार घातला, टँकरला घातला, एक उरला तो माझ्या गळ्यात घातला. सगळे खूश. एकटी गोदामाय सोडून.

तिनं आप्पांच्या मागं धोसरा लावला. साहेबाला पाणी पाजायचं. तोवर घास गोड लागत नाही. आप्पांनी समजावलं, पाप मी घेतलंय. "तुमी घेतलं खरं," ती म्हणाली, "पर तहान तर त्या माणसाचीच राहिली की." दोन महिने रोज हेच. तोवर साहेबांची बदली झाली, तीही थेट माहूरच्या बाजूला. आप्पांना वाटलं, सुटलो. गोदामाय म्हणाली, मग तिकडं जाऊ.

आप्पा माझ्याकडं आले. "किनवट, रजा टाक. तुझ्या मुलखात जायचंय."

लातूर ते नांदेड आणि पुढं, असा तो एस.टी.चा प्रवास. गोदामायच्या मांडीवर तांब्याची कळशी, तोंडाला फडकं बांधलेलं. ती खाली ठेवायला तयार नाही. नांदेडला एक बाई गाडीत चढली, कळशीला नमस्कार करून विचारती झाली, "गंगेचं का हो?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "टँकरचं."

बाईनं तरीसुद्धा पुन्हा एकदा नमस्कार केला. कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं तर आप्पांनी त्याला लेखी नियम मागितला. अर्धा तास दोघांची जुंपली होती. इस्लापूरला आमच्या घरी मुक्काम केला. माझी आई म्हणाली, "इथं विहीर भरलेली आहे की. एवढ्या लांबून पाणी कशाला आणलंत?"

"तुमचं पाणी तुमचं, बाई," गोदामाय म्हणाली. "त्या माणसाला आमचं द्यायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या नव्या कचेरीत पोचलो. साहेब पत्र्याच्या व्हरांड्यात टपाल बघत होते. त्यांनी मान वर केली, आप्पांना बघितलं आणि ताडकन उभे राहिले.

"आप्पा, तुमचा भाग आता माझ्याकडे नाही!"

"अर्ज न्हाई साहेब," आप्पा म्हणाले. "ह्यांचं काम हाय."

गोदामायनं फडकं सोडलं, तांब्या भरला आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढं धरला. साहेबांनी आधी तिला ओळखलं नाही. मग ओळखलं. तांब्यात बघितलं. ते पिवळट पाणी, तो वास. मला वाटलं, आता काहीतरी सबब सांगतील. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला.

"अजून हेच पाणी येतं का?" त्यांनी विचारलं.

"हाव. लई चांगलं येतंय." आणि मग एका दमात ती बोलून गेली, "साहेब, त्या दिवशी घरात एक घागर व्हती. मी न्हाई म्हणलं."

"माय!" आप्पा किंचाळले. "पंचनामा झालाय!"

तो पंचनामा माझ्या अक्षरातला. साहेब हळूच म्हणाले, "माहीत आहे. घागरीखालची जमीन ओली होती. मी बघितली होती."

गोदामायनं कमरेवर हात ठेवले.

"मग तवाच कामून सांगितलं न्हाई?" ती कडाडली. "दोन महिने घास गिळला न्हाई मी! ह्या म्हाताऱ्यानं त्या दिसापासनं आमच्या वस्तीवर पाण्याचा थेंब घेतला न्हाई. उन्हातनं येतो, तसाच वाळलेल्या तोंडानं जातो. म्हणतो, आधी साहेब प्याले पाहिजेत. तुमाला दिसलं व्हतं तर एक शब्द टाकायला काय झालं व्हतं?"

आप्पांचं हे मला ठाऊक नव्हतं. रोज माझ्या कट्ट्यापाशी बसून वस्तीच्या गोष्टी सांगणारा माणूस, त्यानं हे कधी उच्चारलं नव्हतं. ते आता भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

साहेबांनी रिकामा तांब्या टेबलावर ठेवला आणि हात जोडले. "चुकलं, माय," म्हणाले.

आप्पांनी हजारभर अर्ज लिहिले असतील. उपोषणं केली, मोर्चे काढले, आयुष्य कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर घालवलं. कुठल्याच साहेबाच्या तोंडून हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. ते तिथल्याच बाकावर बसले आणि सगळ्या कचेरीदेखत रडायला लागले. मी रुमाल शोधू लागलो, तो मलाच लागला.

गोदामायनं कळशी कलंडवून उरलेलं पाणी तांब्यात घेतलं आणि आप्पांच्या हातात दिलं. "घ्या," म्हणाली. "आता तुमी प्या."

आप्पा ते घटाघट प्यायले. मधे श्वास घ्यायलासुद्धा थांबले नाहीत.